३० डिसेंबर : सगळे घरी आहेत, तरीही

आजचे वाचन : लूक २:३६-४०



गेले पाच दिवस इथे काहीच लिहिलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, "ताई, नाताळचं चिंतन कुठे गेलं?" खरं सांगते, नाताळचं चिंतन लिहून तयार होतं. आनंद या विषयावर होतं. २४ तारखेला संध्याकाळी एकदा शेवटचं वाचून बघितलं आणि मलाच ते खोटं वाटलं. म्हणून टाकलं नाही. आज लिहितेय ते दुसरंच आहे.

जुन्या वाचकांना माहीत आहे, ऑगस्टमध्ये आमचे पप्पा गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला नाताळ. आणि बघा कसं असतं, गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच आमचं वसईचं घर नाताळात पूर्ण भरलं. दादा, वहिनी आणि दोन्ही मुलं कॅनडाहून आली. आत्या आली. मी पुण्याहून दहा दिवसांची सुट्टी टाकून आले. पप्पा असताना दर वर्षी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी सगळे जमू या. तिकिटं महाग, मुलांची शाळा, माझं प्रोजेक्ट. ते हयात असताना जे जमलं नाही ते ते गेल्यावर जमलं. ऑगस्टमध्ये दादा एकटाच धावत आला होता, तोही दफनाच्या दुसऱ्या दिवशी पोचला. मला वाटतं यंदाची चार तिकिटं त्याने त्या एका दिवसासाठी काढली. तो असं बोलून दाखवणार नाही, पण मला वाटतं.

२३ तारखेच्या रात्री आमच्याकडे भांडण झालं. स्टारवरून.

आमच्या घरात रीत अशी की माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी दाराला स्टार लावायचा नाही, घरी गोड करायचं नाही. शेजारपाजारचे लोक ताटं पाठवतात, तेवढंच खायचं. आत्याचं म्हणणं, हे पाळलंच पाहिजे. दादाचं म्हणणं, मुलं एवढ्या लांबून आलीत, त्यांनी वसईचा नाताळ एकदाही बघितला नाहीये, त्यांना अंधारं घर दाखवायचं का? बोलता बोलता आवाज चढले. दादा म्हणाला, "तुम्हाला दुखवटा पाळायचाय की लोकांना दाखवायचाय?" आत्या रडायला लागली. तिचा सख्खा भाऊ गेलाय, हे आम्ही सगळे विसरलोच होतो. वहिनीने मुलांना आत नेलं.

आई वालाच्या शेंगा निवडत बसली होती. ती उठली, माळ्यावरून पप्पांचा स्टार काढून आणला. पप्पा दर वर्षी स्वतः स्टार करायचे, बांबूच्या कामट्या तासून, वर पतंगाचा कागद लावून. बाजारातला प्लॅस्टिकचा स्टार त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. गेल्या वर्षीच्या स्टारचा कागद ठिकठिकाणी फाटला होता, सांगाडा तेवढा धड होता. आई म्हणाली, "लावायचा तर हाच लावा. आणि रस्त्याकडे नको, मागे पडवीत लावा, विहिरीच्या बाजूला."

तसं केलं. दुकानात पांढराच कागद उरला होता. पुतण्याने चिकटवताना सगळीकडे सुरकुत्या पाडल्या. पण लागला. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नव्हता, स्वयंपाकघरात भांडी घासायला उभं राहिलं की खिडकीतून दिसायचा. घरी काही गोड केलं नाही. शेजाऱ्यांकडून ताटं आली, करंज्या, कलकल, केक, रोझ कुकीज. मी मोजली, अकरा ताटं होती.

आता २५ तारखेच्या जेवणाचं सांगते, कारण हे सगळं लिहायला मी तिथूनच सुरुवात केली.

आमचे पप्पा तीस वर्षं वसई ते चर्चगेट लोकलने गेले. मध्यरात्रीच्या मिस्साला प्रवचन सुरू झालं की त्यांना हमखास झोप लागायची. आई चिमटा काढायची. एका वर्षी चिमटा जरा जोरात बसला आणि पप्पा बाकावरून अर्धवट उठून मोठ्याने म्हणाले, "पुढच्या स्टेशनला उतरायचंय, जागा द्या!" पुढच्या चार रांगांनी वळून बघितलं होतं. दादाने जेवताना ही गोष्ट काढली, पप्पांचा आवाज काढून. आम्ही इतके हसलो की आत्याला ठसका लागला. मुलांना काही कळलं नाही, पण आम्हाला बघून तीही हसायला लागली. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मग एकदम सगळे गप्प झालो. कुणीतरी भात वाढायला घेतला.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. आई शेजारी उभी राहून पुसत होती. बाहेर तो पांढरा स्टार. आई म्हणाली, "दुपारी एवढं हसलो आपण. त्याला चाललं असेल ना?"

मी इथे रोज शास्त्रावर लिहिते. तुम्ही लोक मला प्रश्न विचारता आणि मी उत्तरं देते. आईला मी काही उत्तर देऊ शकले नाही. "काहीतरीच काय," एवढंच म्हणाले, जे उत्तर नव्हतं. हे पाच दिवस मी तेच शोधत होते.

तुम्ही यंदा चर्चला नीट लक्ष देऊन बघितलं असेल तर एक गोष्ट जाणवली असेल. २५ला फादर पांढऱ्या झग्यात होते. २६ला सकाळी मी एकटीच सात वाजता गेले, तर झगा लाल. संत स्तेफनचा दिवस, ज्याला दगडांनी मारलं तो पहिला रक्तसाक्षी. २७ला संत योहान, पुन्हा पांढरा. २८ला पुन्हा लाल. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस, त्या वाचनात मत्तय यिर्मयाची आठवण काढतो, आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या आणि कुणाकडून समजूत न घालून घेणाऱ्या राहेलची. वेदीच्या बाजूला गोठा तसाच आहे, बाळ गवतावर आहे, माळांचे दिवे लुकलुकतायत, आणि समोर फादर रक्ताच्या रंगाचा झगा घालून उभे. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. सण चालू असताना मध्येच हे कशाला?

पण नाताळ हा आठ दिवसांचा एकच सण आहे, १ जानेवारीपर्यंत. म्हणजे ते दगड, त्या आयांचं रडणं, हे नाताळ संपल्यावरचं नाही, नाताळच्या पोटातलं आहे. दीड हजार वर्षांहून जास्त काळ चर्च असं करत आलंय. ज्यांनी ही मांडणी केली त्यांच्या घरांतही डिसेंबरात कुणीतरी नसेलच की.

आणि कालचं वाचन. योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन मंदिरात आले. गरीब जोडपं. शास्त्राप्रमाणे कोकरू द्यायचं, ते परवडत नसेल तर पक्ष्यांची जोडी चालते. लूक फक्त पक्ष्यांचाच उल्लेख करतो, म्हणजे काय ते समजून घ्या. म्हातारा शिमोन येतो, बाळाला हातात घेतो, देवाचं स्तवन करतो, आईबापांना आशीर्वाद देतो. आणि त्याच दमात मरियेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाणार आहे.

मला शिमोनाचा राग यायचा. चाळीस दिवसांची बाळंतीण, पहिलं मूल, आणि हा म्हातारा तिला काय सांगतोय! आपल्याकडे बारशाला कुणी असं बोललं तर त्याला हाताला धरून बाहेर काढतील. पण यंदा काल ते वाचन ऐकताना राग आला नाही. बरंच वाटलं. कारण मंदिरात त्या दिवशी तिच्याशी खरं बोलणारं कुणीतरी होतं. त्याने आधी आशीर्वाद दिला, मग तलवारीचं सांगितलं. तलवारीमुळे आशीर्वाद परत घेतला नाही. आणि आशीर्वाद दिलाय म्हणून तलवारीचं लपवलंही नाही.

आज त्याच्या पुढचा भाग. हन्ना.

फक्त तीन ओळींची बाई आहे ही, पटकन वाचून आपण पुढे जातो. आज थांबू या. लूक हिच्याबद्दल जेवढं सांगतो तेवढं तर शिमोनाबद्दलही सांगत नाही. शिमोनाच्या बापाचं नाव नाही, वंश नाही, वय नाही. हिचं सगळं आहे. बाप फनूएल. वंश आशेर. लग्न झालं, नवऱ्याबरोबर सात वर्षं संसार केला, मग विधवा. आता वय चौऱ्याऐंशी. (मूळ ग्रीक वाक्य असं आहे की चौऱ्याऐंशी हे वय आहे की वैधव्याची वर्षं, दोन्ही अर्थ लावता येतात. मी वय धरून चालते.) त्या काळी मुलींची लग्नं लवकर व्हायची. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न धरलं तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ती एकटी झाली. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाला. तेव्हापासून साठ वर्षं.

आता नावं बघा. आशेर या नावाचा अर्थ सुखी, धन्य. उत्पत्तीच्या पुस्तकात लेआने आनंदाच्या भरात ठेवलेलं नाव आहे ते. हा उत्तरेकडचा वंश. इसवी सनपूर्व ७२२ मध्ये अश्शूरी लोकांनी उत्तरेचं राज्य मोडलं, माणसं पांगवली, आणि पुढे या वंशांचा उल्लेखही विरळ होत गेला. म्हणजे हन्ना ही सुखी नावाच्या घराण्यातली, आणि ते घराणं कधीचं विखुरलेलं. आणि ती स्वतः ऐन तारुण्यात विधवा. लूकने हे सगळं एका वाक्यात ठेवलंय, काही टिप्पणी न करता.

मी पहिल्यांदा अडखळले ती त्या सात वर्षांपाशी. लूकला ती सांगायची काय गरज होती? "एक म्हातारी विधवा" म्हटलं असतं तरी गोष्ट पुढे गेली असती. साठ वर्षं झाली होती. त्या नवऱ्याला ओळखणारं जेरुसलेममध्ये कोण उरलं असेल? तरी शुभवर्तमानात तिची ओळख करून देताना ती सात वर्षं मोजून दिली आहेत. कुणाला तरी ती माहीत होती. मला वाटतं तिनेच कुणाला तरी सांगितली असणार, आणि एकदा नाही, पुष्कळदा. म्हाताऱ्या बायका सांगतात तशी. आमची आजी सांगायची तशी.

आपल्याला लोक म्हणतात, "सावर आता, पुढे बघ." सहा महिने झाले की म्हणतात, वर्ष झालं की जरा कडक आवाजात म्हणतात. हन्नेला साठ वर्षांनंतरही देवाच्या वचनाने असं म्हटलेलं नाही. तिची सात वर्षं तिच्या नावाला जोडून ठेवली.

दुसरी गोष्ट, ती मंदिर सोडून जात नसे. हे आपण भक्तीचं उदाहरण म्हणून ऐकतो, आणि आहेच. उपास, प्रार्थना, रात्रंदिवस. पण जरा त्या जागेचा विचार करा. मंदिरात रोज कोण येत होतं? बाळ घेऊन आईबाप येत होते. सणाला गावोगावची कुटुंबं येत होती, आजोबा-नातवंडांसकट. लूक हिच्या मुलाबाळांचा काही उल्लेख करत नाही. ही बाई साठ वर्षं दुसऱ्यांच्या भरल्या कुटुंबांमध्ये उभी होती. तिच्या काळी इन्स्टाग्राम नव्हतं, पण २५ डिसेंबरला आपण फोनवर जे बघत बसतो ते ती रोज डोळ्यांनी बघत होती.

लूकने तिचे अश्रू लिहिलेले नाहीत, म्हणून मीही ते घालणार नाही. तिला वाईट वाटत होतं की नव्हतं, शास्त्र सांगत नाही. एवढं मात्र सांगतं की ती तिथे होती. आणि तिथे होती म्हणूनच त्या नेमक्या घटकेला येऊ शकली, जेव्हा हजारो बाळांसारखंच दिसणारं एक बाळ, गरिबाघरचं, आईच्या कडेवर आत आलं. तिने ओळखलं. देवाचे आभार मानले. आणि जे वाट बघत होते त्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगत सुटली. काय बोलली? एक शब्दही नोंदवलेला नाही. शिमोनाचं सगळं बोलणं आहे, हन्नेचं नाही. माझी याबद्दल लूककडे थोडी तक्रार आहे, पण असो.

आता तुमच्याकडे येते. नाताळच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेले मेसेज मी वाचलेत, उत्तर दिलं नसलं तरी. एकाला हिंजवडीत २५लाच रात्रपाळी होती, कारण टीममधल्या बाकी सगळ्यांना दिवाळीची सुट्टी दिली होती आणि "आता तू अॅडजस्ट कर." एकजण दुबईत आहे, तिने घरच्या जेवणाचा व्हिडिओ कॉल भिंतीला टेकवून ठेवून एकटीने बिर्याणी खाल्ली. एका जोडप्याला प्रत्येक नातेवाईक तोच प्रश्न विचारतो, त्यामुळे ते यंदा गावी गेलेच नाहीत. आणि एकाने जे लिहिलं ते मला सगळ्यात खरं वाटलं. त्याच्या घरी सगळे होते. कुणी गेलेलं नाही, कुणी भांडलेलं नाही, जेवण छान झालं. आणि दुपारी चारच्या सुमाराला उगाचच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. "माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?"

नाही रे. दुपारी चारचा नाताळ मला चांगला माहीत आहे.

या आठ दिवसांत मला एक कळलं, ते सांगते. पुण्यात माझ्या खोलीवर पप्पांची उणीव मला कधी अशी भासली नाही. आठवण येते, रडूही येतं. पण तिथे त्यांची जागा रिकामी दिसत नाही, कारण तिथे त्यांची जागा कधी नव्हतीच. इथे टेबलाभोवती आम्ही आठजण बसलो आणि तेव्हा ते नाहीत हे नीट दिसलं. सगळे जमतात तेव्हाच कोण नाही ते कळतं. कुणी गेलेलं नसलं तरीसुद्धा असंच होतं. भाच्याची उंची आपल्या खांद्याला आलेली असते. आई जिना चढताना कठड्याला हात लावते, गेल्या वर्षी लावत नव्हती. एरवी आपण हे बघत नाही, कारण एरवी आपण एकमेकांसमोर बसतच नाही. तेव्हा तो चार वाजताचा खड्डा म्हणजे तुमच्या आनंदात काही खोट होती असं नाही. तुम्ही सगळे खरोखर एकत्र होतात, म्हणून तो पडला.

आमच्या फॅमिली ग्रुपवर २५ला एक फॉरवर्ड आला होता. ख्रिस्ती माणसाने नाताळात उदास असणं म्हणजे ख्रिस्ताच्या जन्माचा अपमान, असं काहीतरी. पाठवणारे काका मनाने चांगले आहेत, म्हणून ग्रुपवर काही बोलले नाही. इथे बोलते. आनंद करा असं पौल सांगतो, खरं आहे. त्याच पौलाने रोमकरांना लिहिताना आनंदात असलेल्यांच्या आनंदात आणि रडणाऱ्यांच्या रडण्यात सामील व्हायला सांगितलंय, एकाच वाक्यात. आणि स्वतः प्रभू लाजारच्या कबरेपाशी रडला. दोन मिनिटांनी आपण याला बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असताना रडला. आनंदाच्या नावाने कुणाचं रडणं बंद करायला शास्त्राचा उपयोग करू नका. हे जरा तिखट झालं असेल, पण ऑगस्टपासून मी अशी वाक्यं खूप ऐकली आहेत.

एक मात्र सांगेन. आज रात्री किंवा उद्या जेवायला बसाल तेव्हा जो नाही त्याचं नाव घ्या. मोठं काही नको, प्रार्थना वगैरेही नको वाटली तर राहू द्या. "हे लोणचं पप्पांना चाललं नसतं," एवढं पुरे. आमच्याकडे पहिले दोन दिवस सगळे एकमेकांना जपत होते. कुणी नावच काढत नव्हतं आणि घरात श्वास घ्यायला जड जात होतं. त्या लोकलच्या गोष्टीनंतर ते सुटलं. आणि तुम्ही एकटे असाल, रूमवर, हॉस्टेलवर, तर आणखी एका एकट्या माणसाला फोन करा. घरच्यांना नको, ते करतातच. ऑफिसातला कुणीतरी, ज्याची सुट्टी रद्द झाली असा. हन्ना काय बोलली ते आपल्याला माहीत नाही. कुणाशी बोलली ते माहीत आहे. वाट बघत असलेल्यांशी.

काल रात्री आईला झोप येत नव्हती. मी पप्पांच्या उशाशी असायचं ते फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' काढलं आणि आजचा हा भाग तिला वाचून दाखवला. मग हन्नेच्या सात वर्षांचं, साठ वर्षांचं, आशेर वंशाचं, मी शोधलेलं सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "तू परवा विचारलंस ना. चाललं असेल म्हणून. देवाच्या घरात हन्नेची सात वर्षं पण होती आणि बाळ आल्याचा आनंद पण होता. कुणी तिला एक टाकून दुसरं घे म्हटलं नाही. तर पप्पांनाही चालतं. आपण हसलो ते पप्पांमुळेच ना?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सातच वर्षं? बिचारी. मला एकोणचाळीस मिळाली."

आणि कूस बदलून झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

आज रात्री दादाचं विमान आहे. आजच्या वाचनाचा शेवट तोच आहे, सगळे विधी उरकून ते गालीलात, आपल्या नासरेथ गावी परत गेले. सणाला जमलेल्या माणसांना परत जावंच लागतं. सकाळपासून बॅगांचं वजन करणं चाललंय. आईने राजेळी केळ्यांची सुकेळी दिली आहेत, दादा म्हणतो वजन जास्त होईल, आई म्हणते मुलांचे बूट काढ. आत्याने दादाला जवळ घेतलं, २३च्या रात्रीचं कुणी काही काढलं नाही. पुतण्याला तो स्टार कॅनडाला न्यायचाय. कामट्या बॅगेत बसत नाहीत. आईने त्याला सांगितलंय, इथेच राहू दे, पुढच्या वर्षी येऊन नवा कागद तूच लाव.

परवा १ जानेवारीच्या वाचनात मरिया सगळं मनात जपून ठेवते, ते येईल. तेव्हा पुन्हा भेटू. आता एअरपोर्टला निघायचंय, हायवेला ट्रॅफिक असणार, म्हणून प्रार्थना करून थांबते.

प्रभू येशू, तुला मंदिरात आणलं तेव्हा तुझ्या आईच्या वाट्याला आशीर्वाद आणि तलवार एकाच माणसाच्या तोंडून आले. आज रात्री जे विमानात, ट्रेनमध्ये, एसटीत बसून परत निघालेत, आणि जे दारात उभं राहून त्यांना हात करतायत, त्यांच्याजवळ राहा. ज्यांनी या दिवसांत हसून नंतर स्वतःला दोष दिला त्यांना सांग की तू रागावलेला नाहीस. ज्यांना हसूच आलं नाही त्यांनाही सांग. रात्रपाळीवर असलेल्या त्या मुलाला उद्या नीट झोप लागू दे. आमच्या पप्पांना, आणि वाचणाऱ्यांच्या मनात आत्ता ज्यांचं नाव आलं त्या सगळ्यांना, तुझ्यापाशी ठेव. आमेन.